जुना घडीचा चाकू साफ केला तरी पुन्हा गंजतो? पाते ठेवा बाजूला, मूठ हुंगून बघा

आधी लक्षणे. यातली दोन-तीन जुळली तर पुढचे वाचा.

- पाते घासले, पुसले, तेल लावून ठेवले, आणि पंधरा दिवसांत नेमक्या त्याच जागी तांबूस ठिपके परत.
- तीन पात्यांपैकी एकच गंजते, शेजारची दोन स्वच्छ.
- गंज टोकाकडे नाही, मुठीत बुडणाऱ्या बुंध्याजवळ किंवा पात्याच्या एकाच बाजूला आहे.
- मुठीतल्या पितळी पत्र्याच्या कडेला हिरवा मळ धरतो. काडीने काढला की महिन्याभरात पुन्हा.
- डबा उघडला की कापरासारखा किंवा नाकाला झोंबणारा आंबट वास येतो.
- वर्षानुवर्षे ठीक असलेला शेजारचा चाकूही डागाळायला लागला.

हे सगळे लिहितोय ते खटका नसलेल्या, पाठीच्या स्प्रिंगेवर उघड-मीट होणाऱ्या बहुपाती चाकूंबद्दल: इंग्लंडमधल्या शेफिल्डचे, जर्मनीतल्या झोलिंगनचे, अमेरिकेतल्या केस, रेमिंग्टन, कॅमिलस, श्रेड वगैरे कंपन्यांचे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाताला लागतात ते बहुतेक याच जातीचे. अशा चाकूची रचना डोक्यात असली की पुढचे सोपे जाते. मध्ये पाती आणि स्प्रिंगा, त्यांच्या दोन्ही अंगांना पितळेचे किंवा निकेल सिल्व्हरचे पातळ पत्रे, आणि त्यावर रिव्हेटने ठोकलेल्या मुठीच्या पट्ट्या, ज्यांना सगळे स्केल म्हणतात. स्केल हाडाची असेल, शिंगाची, लाकडाची, शिंपल्याची किंवा प्लॅस्टिकची. गंज परत येण्याचे निम्मे कोडे त्या पट्टीत असते. पण तिथे एकदम उडी मारू नका, कारण आधीच्या तपासण्या फुकटच्या आहेत.

१. हा गंज आहे की पॅटिना?

जुन्या कार्बन स्टीलच्या पात्यावर राखाडी-निळसर, गुळगुळीत थर असतो. तो पॅटिना, आणि तो राहू द्यायचा. पांढऱ्या सुती कापडावर तेलाचे दोन थेंब घ्या आणि डागावर दहा-बारा वेळा घासा. कापडावर तांबूस-विटकरी रंग उतरला तर गंज जिवंत आहे. काळपट राखाडी उतरले आणि बोटाला खरखर लागली नाही तर काही बिघडलेले नाही. कित्येक चांगले चाकू याच गैरसमजापायी पॉलिश पेपरने घासून घासून निकामी होतात. बुंध्यावरचा कंपनीचा ठसा एकदा घासला गेला की चाकूची ओळखही गेली आणि किंमतही.

डाग जिवंत गंजाचा असेल तर साफ करण्याआधी जवळून एक फोटो काढा, पात्याच्या दोन्ही बाजूंचा. पुढच्या खेपेला गंज त्याच जागी आला की नव्या जागी, हे आठवणीवर सोडण्यासारखे नाही. सगळे निदान त्या एका गोष्टीवर उभे आहे.

२. चाकू कशात ठेवलाय?

चामड्याच्या म्यानात असेल तर आजच बाहेर काढा. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात शिल्लक असतात, शिवाय ते हवेतला ओलावा धरून बसते. म्यान खिशात न्यायला ठीक, कपाटात ठेवायला नाही. एमडीएफचे खोके, ओक लाकडाच्या पेट्या आणि वर्तमानपत्राची गुंडाळी, या तिन्हींतून आम्लाचा अंश सुटतो.

लोखंडाला साधारण ६० टक्क्यांवरची आर्द्रता सोसत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा त्याच्या बरीच वर असते. एक साधा आर्द्रतामापक डब्यात टाकून आठवडाभर आकडा बघा.

इथे लगेच सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा हवाबंद करावासा वाटेल. थांबा. हाडाच्या किंवा लाकडाच्या मुठीला तो उपाय उत्तम आहे. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लॅस्टिकच्या, मुठीला तोच उपाय मारक आहे. का, ते सातव्या तपासणीत. तोवर कापसाच्या कापडात सैल गुंडाळून उघड्या ट्रेमध्ये ठेवा. डांबरगोळ्या शेजारी नकोत. त्यांच्या वासाने पुढची वासाची तपासणी वाया जाते.

३. कशाने साफ केला होता?

आपल्याकडे पितळ म्हटले की हात चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. समईला ते चालते, कारण समई नंतर धुतली जाते. चाकूच्या सांध्यात शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही. ते पत्रा आणि स्प्रिंग यांच्या फटीत बसून राहते आणि दोन दिवसांत बुंध्याजवळ केशरी साय धरते. व्हिनेगरचेही तेच. पितळ चमकवण्याच्या पॉलिशमध्ये बहुधा अमोनिया असतो आणि त्याने ताण असलेले जुने पितळ तडकते. वर वाळलेली पांढरी पूड सांध्यात अडकते ती वेगळीच.

हे कारण ओळखायची खूण म्हणजे वेळ. गंज साफ केल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, आणि सांध्याभोवतीच आला तर दोष साफसफाईचा. पाचव्या तपासणीत दिल्याप्रमाणे तेलाने सांधा दोन-तीनदा धुतला की हा प्रकार थांबतो.

बोटांच्या घामाचे ठसेही असेच फसवतात. ठिपके नखाच्या खाचेजवळ, अंगठा टेकतो तिथेच असतील तर दुसरे कारण शोधू नका. हाताळून झाल्यावर पाते पुसायचे, एवढाच इलाज.

४. तेल कुठले?

खोबरेल थंडीत थिजते आणि कालांतराने खवट होते. मोहरीचे आणि जवसाचे तेल वाळून चिकट पापुद्रा धरते, आणि त्याखाली ओलावा अडकतो. शिलाई मशीनचे पातळ तेल किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन घ्या. दोन्ही खनिज तेले आहेत, खवट होत नाहीत. दाराच्या बिजागऱ्यांवर मारायचा फवारा गंज सैल करायला बरा, पण त्याचा थर लवकर उडून जातो. त्याच्या भरवशावर चाकू पावसाळाभर ठेवू नका.

तेल किती? पात्याच्या प्रत्येक बाजूला एक थेंब, कापडाने पसरवून जवळजवळ पुसून काढलेला. ओघळ आला म्हणजे जास्त झाले. जास्तीचे तेल धूळ धरते आणि स्केलच्या खाली झिरपते. जे चाकू फक्त ठेवायचे आहेत त्यांना तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांमध्ये धातूच्या वस्तूंवर हेच मेण वापरतात.

५. सांधा आणि खाच

सत्तर वर्षांचा तंबाखू, खिशातला कापूस, फळांचा वाळलेला रस, सगळे मुठीच्या तळाशी बसलेले असते. हा लगदा स्पंजासारखा ओलावा धरतो आणि मिटलेल्या पात्याची धार त्यात टेकून राहते.

लाकडी टूथपिक घ्या, सुई किंवा स्क्रूड्रायव्हर नको. एक पाते उघडा, खाच कोरून काढा, सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा आणि पाते पंधरा-वीस वेळा उघड-मीट करा. बाहेर येणारा काळा-तांबडा चिखल पुसा. पुन्हा दोन थेंब. तेल स्वच्छ बाहेर यायला बहुधा चार-पाच फेऱ्या लागतात. ते मिटले की पुढचे पाते. एका स्प्रिंगेवर दोन पाती असतील तर दोन्ही एकाच वेळी अर्धी उघडू नका. तीन पात्यांच्या स्टॉकमन चाकूत बहुधा दोनच स्प्रिंगा असतात. दुहेरी ताणाने जुनी स्प्रिंग मोडली की नवी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर अजून हातात घेऊ नका. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ॲसिटोन ती विरघळवते आणि स्पिरिट तिला मऊ पाडते. गरम पाणी, हेअर ड्रायर आणि सोनाराकडचे अल्ट्रासॉनिक यंत्रही नको.

६. पाती एकमेकांना घासतात का?

पात्याच्या अंगावर एकच लांब ओरखडा आणि त्या रेघेतच गंज असेल तर शेजारचे पाते दर वेळी तिथले तेल आणि पॅटिना खरवडून नेते. दोन पात्यांमध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे अडकेल तिथे घासतेय. कारखान्यात पाती मुद्दाम बुंध्याशी किंचित वाकवलेली असतात, ती एकमेकांना चुकवून बसावीत म्हणून. तो बाक घरी पकडीने द्यायला जाऊ नका. पाते सरळ दोन तुकडे होते. रेघेवर मेण लावत राहा किंवा जाणत्या कारागिराला दाखवा.

७. मूठ

इथवरचे सगळे नीट असूनही गंज परत येतोय, आणि तोही पात्याच्या एकाच बाजूला, तर मुठीकडे वळा. ही खूण नीट समजून घ्या. मिटलेल्या चाकूत डावीकडचे पाते डाव्या स्केलच्या जवळ असते, उजवीकडचे उजव्या. दोन स्केल दोन वेगवेगळ्या तुकड्यांतून कापलेल्या असतात, त्यामुळे अनेकदा एक आधी खराब होते आणि दुसरी शाबूत राहते. म्हणून तीनपैकी एकच पाते, आणि त्याचीही स्केलकडची बाजूच गंजते. बाहेरच्या दमटपणाने आलेला गंज अशी निवड करत नाही.

सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास ते बाजारात आणले. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, शिंग, सगळ्यांची नक्कल त्यात होई, म्हणून चाकूवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत आणि नंतरही ते भरपूर वापरले. जुने झाले की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते. रिव्हेटच्या भोकांतून आणि कडांवरून ते पितळी पत्र्यावर येते आणि हिरवा मळ धरतो. तिथून ते पात्यावर जाते आणि पाते तांबडे होते. सुटलेले वायू जवळच कोंडून राहिले तर विघटन आणखी वेग घेते. हवाबंद डबा घातक ठरतो तो याच कारणाने. ज्या पिशवीने हाडाच्या मुठीचा चाकू वाचतो, तीच पिशवी सेल्युलॉइडच्या चाकूला स्वतःच्या आम्लात शिजवते.

तपासायचे असे.

*वास.* स्केलवर अंगठा जोरात, वीस-तीस सेकंद, ऊब येईपर्यंत चोळा आणि लगेच हुंगा. कापूर आपल्याला शिकवावा लागत नाही. आरतीच्या तबकाचा वास आला की सेल्युलॉइड. जुना टेबल टेनिसचा चेंडू चोळून बघा, तोच वास (२०१४ पासून स्पर्धांत बिगर-सेल्युलॉइड चेंडू आले, त्यामुळे नवा चालणार नाही). बेकेलाइटला कार्बोलिक साबणासारखा वास येतो. कापराऐवजी नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास आला तर कापूर उडून गेलाय आणि विघटन सुरू आहे. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला जागोजागी दिलेला असतो. तो ऐकू नका. हा पदार्थ भपकन पेटतो.

*भिंग.* दहा पट भिंगाखाली हाडात बारीक गडद टिंबे आणि रेषा दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. शिंगात थर दिसतात. शिंपला ओठाला गार लागतो. १९६० नंतर आलेल्या डेल्रिन या प्लॅस्टिकमध्ये हाडासारखी खडबड असते, पण साच्यातली, चाकूगणिक हुबेहूब एकसारखी. सेल्युलॉइडमध्ये रंगाचे पट्टे, ढग, मोतिया चमक. खराब होताना त्यात आतून चौकोनी तडे जातात, ते रिव्हेटभोवती आकसते, आणि टोकाची धातूची टोपी व स्केल यांच्यात फट पडते. पृष्ठभाग घामेजला असेल तर प्रकरण पुढे गेलेय. अर्धपारदर्शक, कासवपाठी आणि मोतिया रंगांची मूठ बहुधा काळ्या-अपारदर्शकाच्या आधी जाते.

*ठसा.* काळ कळला की संशय आवळता येतो. केस कंपनीच्या चाकूंवर 'केस एक्स एक्स' एवढाच ठसा १९४० ते १९६४ चा, पुढे 'यू.एस.ए.' जोडलेले १९६५ ते १९६९ चे. १९७० ला खाली दहा ठिपके आणि दरवर्षी एक कमी. दुसऱ्या बाजूला नमुना क्रमांक असतो. पहिला आकडा मुठीचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा. ६३१८ म्हणजे खडबडीत हाड, तीन पाती, १८ नंबरचा नमुना. ३३४७ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ, तीन पाती. पहिला आकडा २, ३, ४ किंवा ९ असेल, म्हणजे काळी, पिवळी, पांढरी किंवा नकली शिंपल्याची मूठ, आणि ठसा जुना असेल, तर कापराची चाचणी केल्याशिवाय तो चाकू दुसऱ्यांच्या शेजारी ठेवू नका. ठशाचा आधार सावधपणे घ्या. स्केल नंतर बदललेली असू शकते, म्हणून शेवटचा शब्द नाकाचा.

स्विस चाकूंबद्दल एक घोटाळा कायम होतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल मुठीचे सेलिडॉर आणि हे सेल्युलॉइड एक नव्हेत. सेलिडॉरमध्ये नायट्रेट नसते. त्याला कधीकधी खवट लोण्यासारखा वास येतो, पण तो पाती खात नाही. स्विस सैनिकी चाकूची १८९० ची मूठ काळ्या केलेल्या लाकडाची, १९०८ पासून लाल फायबरची (कागदाच्या लगद्यापासून केलेल्या). तिथेही हा रोग नाही. फायबर पाण्याने फुगते, त्याची काळजी वेगळी. शिवाय १९५१ च्या नमुन्यापासून तिथे स्टेनलेस पाती आहेत.

*दोन खिळे.* वासावर भरवसा वाटत नसेल तर हे करा. गॅल्व्हनाइझ न केलेले दोन साधे लोखंडी खिळे आणि तांब्याच्या तारेचे दोन तुकडे पॉलिश पेपरने चकचकीत घासा, हात न लावता चिमट्याने उचला. एक खिळा, एक तार आणि पाती तेलवलेला संशयित चाकू एका झिप पिशवीत. दुसरी जोडी रिकाम्या पिशवीत. दोन्ही एकाच वेळी, एकाच खोलीत बंद करून सावलीत शेजारी ठेवा. सात दिवसांनी चाकूजवळची तार हिरवटली किंवा खिळा डागाळला, आणि दुसरी जोडी तशीच असली, तर वायू मुठीतूनच येतोय. सात दिवस झाले की चाकू पिशवीबाहेर. डब्यात दहा चाकू असतील तर अपराधी कोण हेही असेच, प्रत्येकाला वेगळी पिशवी देऊन कळते.

सेल्युलॉइड निघाले तर

विघटन मागे फिरवता येत नाही, लांबवता येते. चाकू बाकीच्यांपासून वेगळा करा, शक्यतो दुसऱ्या कपाटात. हवा खेळेल अशा ट्रेमध्ये, कोरडे, गार आणि अंधारे ठिकाण. पाती अर्धवट उघडी ठेवायचा मोह होतो, पण स्प्रिंग ताणलेली राहते. पूर्ण उघडून ठेवता येईल तेवढीच उघडा, एका स्प्रिंगेवरचे एकच. पात्यांना मेण. महिन्यातून एकदा वास, तडे, हिरवा मळ. हिरवा मळ लाकडी काडीने काढा, कोरड्याने.

आगीपासून लांब ठेवा. देवघर, गॅस, खिडकीतले ऊन, तिन्ही वर्ज्य. सेल्युलॉइड जळताना ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे वर काही झाकून ती आग गुदमरत नाही. जुन्या चित्रपटांची नायट्रेट फिल्म हाच पदार्थ. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय चित्रपटांची जुनी नायट्रेट रिळे जळाली. चाकूवरची पट्टी चार-सहा ग्रॅमची असते, पण लाकडी कपाटाला तेवढी पुरते.

इथे हात थांबवा

स्केल घामेजलेली, चिकट किंवा चुरा होणारी असेल तर ती स्वतः खरवडू नका. हातमोजे घालून चाकू उघड्या हवेत ठेवा आणि धातूच्या वस्तूंचे संवर्धन करणाऱ्याला किंवा चाकू पुनर्बांधणी करणाऱ्या कारागिराला दाखवा. स्केल काढायची तर रिव्हेट कापावे लागतात, टोप्या सैल होतात, स्प्रिंग सुटते, आणि पुन्हा जुळवताना पाते मध्यात आणणे हे हाताचे काम आहे. दुर्मीळ चाकू असेल तर कुजलेली स्केल काढून टाकण्यातच पाती वाचतात, आणि काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो, मापे आणि ठसा टिपून ठेवायला त्यालाच सांगा.

उजेडाकडे धरल्यावर स्प्रिंग आणि पितळी पत्रा यांच्यात फट दिसली, तरीही थांबा. आत गंज फुगलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि रिव्हेट ताणतो. अशा चाकवाला शिकंजात धरून दाबले की हाडाची स्केल रिव्हेटवरून उभी चिरते.

पाते उघडताना नेहमीचा टकटक आवाज जाऊन नुसते लोळागोळा होत असेल, किंवा स्प्रिंगेवर आडवी केसासारखी रेघ दिसली, तर तेलाने काही होणार नाही.

आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे असा चाकू देऊ नका, त्याचा हात कितीही चांगला असला तरी. सहाणेच्या ठिणग्या उडतात त्या थेट मुठीवर.

हाडाची, शिंगाची, लाकडाची किंवा डेल्रिनची मूठ निघाली, आणि पहिल्या सहा तपासण्यांनंतर दोन महिने डाग परतला नाही, तर आता खुशाल सिलिका जेल टाकून डबा बंद करा. जेलचा रंग बदलला की वाळवून परत.